खिडकीमागची तालीम

दिनांक २ मे, बुधवार, सकाळी साडेदहा.
हजर : बडे बाबू, वानखेडे, देवांगन आणि मी.
गैरहजर : टेबलं, कपाटं, पंखा.

नव्या कार्यालयातली माझी ही पहिली नोंद. छत्तीसगड राज्य होऊन काही महिने झाले होते. रायपूर राजधानी झालं होतं आणि जुन्या मध्य प्रदेशातले कर्मचारी दोन राज्यांत वाटले जात होते. कोण इकडे आला, कोण तिकडे राहिला, कुणाचं सर्व्हिस बुक कुठे अडकलं, हे लोकांना सांगायचं काम आमच्या शाखेकडे होतं. कागद भोपाळहून ट्रकने यायचे होते. ट्रक येत नव्हता. माणसं मात्र येत होती, बस्तरपासून सरगुजापर्यंतची, रात्रभर बसमध्ये बसून, आणि आमच्या एकुलत्या एका खिडकीसमोर उभी राहत होती. त्यांना रोज एकच उत्तर द्यायचं : अजून आलं नाही.

बडे बाबू म्हणजे हेडक्लार्क. इकडच्या सरकारी कचेऱ्यांत हाच शब्द चालतो. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. मूळचे यवतमाळकडचे, नोकरी सगळी भोपाळात, वाटणीत रायपूरला आलेले. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट आणि डाव्या मनगटावर चामडी पट्ट्याचं मोठं घड्याळ. वानखेडे अमरावतीचा, नोकरीला नवा, नाकाच्या शेंड्यावर राग. देवांगन इथलाच, पुरानी बस्तीत वाढलेला, बोलायला मऊ. मी माहेरची नागपूरची. नवरा रेल्वेत म्हणून रायपूरला आले. मला याद्या करायची सवय आहे. त्यावरून सगळे मला हसतात आणि सगळे मलाच विचारायला येतात.

त्या पहिल्याच दिवशी खिडकी उघडली आणि एका म्हाताऱ्या वनरक्षकाने वानखेडेला निकम्मा म्हटलं. वानखेडेने खिडकीतून हात बाहेर काढून त्याची कॉलर धरली. बडे बाबूंनी मागून वानखेडेचा शर्ट धरला, त्याला आत ओढलं, खिडकी लावली आणि बाहेर "भोजन अवकाश", म्हणजे जेवणाची सुट्टी, ही पाटी टांगली. तेव्हा अकराही वाजले नव्हते. खुर्ची नव्हती, म्हणून ते एका लोखंडी ट्रंकेवर बसले.

"वानखेडे, तुले पोहता येते का?"

"येते."

"शिकला कसा?"

"विहिरीत. कमरेले डबा बांधून."

"मग इथं डबा न बांधता काहून उडी मारून राहिला?" बडे बाबू म्हणाले. "उद्यापासून सगळ्यांनी दहाले यायचं. खिडकी साडेदहाले उघडीन. मधला अर्धा तास तालीम."

कसली तालीम, ते दुसऱ्या दिवशी कळलं. एकाने खिडकीमागच्या ट्रंकेवर बसायचं. बाकीच्यांनी बाहेर व्हरांड्यात उभं राहून त्याला चिडवायचं. कपडे, चालणं, गाव, काम, डब्यातली भाजी, काहीही चालेल. आई-बहीण, जात आणि मेलेलं माणूस, ही तीन सोडून. बसलेल्याने आवाज चढवायचा नाही, तोंड पाडायचं नाही, आणि सगळं झाल्यावर फक्त इतकंच विचारायचं : तुमचं नाव काय, गाव कोणतं, काम काय. बडे बाबू चहाचा ग्लास घेऊन बाजूला उभे राहायचे आणि निकाल द्यायचे. जिंकेल त्याला समोरच्या हॉटेलातला समोसा.

यामागे त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते फार उत्साहाने सांगायचे. "रागावलेला माणूस सगळं सांगते. तुमचं खानदान सांगते, सरकार सांगते, स्वतःचं ब्लडप्रेशर सांगते. एक काम तेवढं सांगत नाही. ते आपण त्याच्यातून काढून घ्यायचं. आपणही तापलो, का ते राहूनच जाते."

पहिल्या दिवशी देवांगनची पाळी आली. खिडकीमागे मी. तो बिचारा दोनदा खाकरला आणि म्हणाला, "दीदी, आपकी चाय… थोड़ी कम मीठी रहती है."

"हे चिडवणं आहे का बे?" बडे बाबू म्हणाले. "ही तर आरती झाली."

पण देवांगन शिकला. महिन्याभरात तो खिडकीत कोपर टेकून म्हणाला, "दीदी के पास यमराज आएगा तो दीदी उसको भी पूछेगी, सूची में नाम है क्या. और नहीं होगा तो वापस भेज देगी." मी लाल झाले. खरंच झाले. तोंड उघडलं होतं, तेवढ्यात बडे बाबूंनी चहाचा ग्लास वर केला, आणि मी म्हटलं, "नाम?" तो समोसा मला मिळाला. अजून चव आठवते.

वानखेडेचं दुखणं मिशीत होतं. नुकतीच फुटलेली, बारीक. "मिशी आहे का पेनानं ओढली?" एवढं म्हटलं की तो ट्रंकेवरून उठायचा. पहिले काही दिवस रोज उठला. मग ओठ चावून बसून राहिला. मग एके दिवशी हसला आणि म्हणाला, "पेन सरकारी आहे. आपलं नाव?" बडे बाबूंनी त्या दिवशी सगळ्यांना समोसे दिले. त्यानंतर वानखेडे जो सुटला, तो थांबेना. पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्यात सगळ्यात थंड डोक्याचा तोच होता. भिलाईपासून लोक त्याच्या खिडकीवर ओरडायला यायचे आणि पाणी पिऊन जायचे.

मला वाटायचं, बडे बाबूंना हे सगळं जन्मजात येतं. तसं नव्हतं. भोपाळहून आलेल्या एका ड्रायव्हरने सांगितलं की तिकडे त्यांनी घड्याळ काढून ठेवलं की लोक खोलीतून पळायचे, कारण त्यानंतर हात उठायचा. मी त्यांना सरळ विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

"खरं आहे," ते म्हणाले. "मनगटाले घड्याळ असलं का हात जड पडते, म्हणून काढत होतो. एक दिवस काढलं, एकाले मारलं, अन् मग कळलं का चूक दुसऱ्याचीच होती."

"मग?"

"मग काय. तो दोन वर्षं मले रोज नमस्कार करे, बाई. मले ते लागलं."

राग त्यांना अजूनही यायचा. हात पट्ट्याकडे जायचाच. फक्त आता घड्याळ काढलं की ते जवळ असेल त्याच्या हातात द्यायचे, "धरा," आणि राग ओसरेपर्यंत परत मागायचे नाहीत. बहुतेक वेळा जवळ मीच असायचे. माझ्या हातात ते घड्याळ दिसलं की बाहेरचा शिपाई फाईल घेऊन तसाच मागे फिरायचा.

कार्यालयाबाहेरही त्यांचा सराव चालूच. ते पुरानी बस्तीत भाड्याने राहायचे. तिथल्या बाजारात एक भाजीवाली होती, सगळ्यात तोंडाळ. "टमाटर दबाओ मत. चुनना है तो अपने बाप के खेत में जाकर चुनो." लोक तिला टाळून पुढे जायचे. बडे बाबू फक्त तिच्याकडूनच भाजी घ्यायचे. ती बोलायची, हे इथल्यासारखं "हव", म्हणजे हो, म्हणायचे आणि पिशवी पुढे करायचे. एकदा ते सकाळी कार्यालयात आले तेच कपाळाला आठ्या घालून. भाजीवाली म्हणाली होती, "आओ भैया, ताजा है, छाँट लो."

"तिच्या घरी काहीतरी झालं, बाई. इतकी गोड काहून बोलून राहिली?"

दुपारी त्यांनी देवांगनला तिकडे पाठवलं. तो हसत परत आला. तिची दाढ दुखत होती, जबडा हलत नव्हता, म्हणून तिने थोडक्यात आटोपलं होतं. पुढच्या आठवड्यात तिने बडे बाबूंचा बाप पुन्हा शेतात पाठवला आणि बडे बाबू आमच्यासाठी पेढे घेऊन आले.

इथवर सगळं ठीक होतं. मग त्यांच्या डोक्यात आलं की तालमीत माणसं ओळखीची असतात, खरी परीक्षा अनोळखी माणसाने घ्यायला हवी. एका सोमवारी गर्दीत एक धिप्पाड गृहस्थ आले आणि खिडकीच्या चौकटीवर मूठ आपटून गरजले, "कौन है इस दफ्तर का मालिक?" व्हरांडा हादरला. वानखेडेने शांतपणे नाव, गाव, काम विचारलं. गृहस्थ हसले आणि बडे बाबूंकडे बोट दाखवलं. बडे बाबूंच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, रामलीलेत ते रावण करायचे. नंतर एक बाई आल्या, हातात कापडी पिशवी, आणि थेट माझ्यावर आल्या : "काहो, घरी सासूलेही असंच ताटकळत ठेवता का?" मी ओठ आवळले आणि नाव, गाव विचारून कामावर आले. "काम?" त्या म्हणाल्या. "ह्यांचा डबा." त्या बडे बाबूंच्या सौभाग्यवती होत्या. इतक्या दिवसांत आम्ही त्यांना पाहिलं नव्हतं.

आम्हाला या प्रकाराची चटकच लागली. कोणी ओरडत आलं की आम्ही एकमेकांकडे बघायचो : हा खरा, का बडे बाबूंचा? वानखेडे चेहऱ्यावरून ओळखायचा दावा करायचा. दोनदा त्याने बरोबर ओळखलं आणि मग त्याला कोणी आवरेना.

जुलैत ते घडलं. दुपारचे तीन वाजून गेले होते. बडे बाबू ट्रकची चौकशी करायला बाहेर गेले होते. खिडकीत वानखेडे. फाटकापासूनच एक माणूस ओरडत आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, पण नखांत काळं ग्रीस. गर्दी बाजूला सारून त्याने चौकटीवर मूठ आपटली, अगदी त्या रावणासारखी.

"सब के सब चोर बैठे हैं. कल बोले आज आओ, आज बोलते हो कल आओ."

वानखेडेने आमच्याकडे वळून डोळा मारला. मग हनुवटी तळहातावर टेकवली आणि गोड हसून म्हणाला, "आवाज़ अच्छी है. थोड़ा और पेट से."

माणूस क्षणभर थांबला. आपण काय ऐकलं ते त्याला कळेना. मग तो आणखी मोठ्याने ओरडला. सरकारवर, भोपाळवर, आमच्या पगारावर, सगळ्यावर. वानखेडेचं हसू ढळलं नाही. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं, आवाज फाटला.

"गुस्सा दस में से आठ," वानखेडे म्हणाला. "रोना थोड़ा बनावटी लगा."

गर्दीतले एक-दोघे हसले. माणसाने चौकटीवरचे दोन्ही हात काढून घेतले. वळला आणि व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसला. तिथून, कोणालाही उद्देशून नाही, हळू म्हणाला, "मोर नोनी उहाँ बइठे हे."

नोनी म्हणजे मुलगी; ती तिकडे बसून आहे, असं तो म्हणत होता. देवांगन ताडकन उठला. "दीदी, ये असली है."

त्याच वेळी बडे बाबू फाटकातून आत आले. आमचे चेहरे बघून काय झालं ते त्यांना कळलं असावं. ते त्या माणसाशेजारी पायरीवर बसले आणि नाव, गाव, काम विचारलं, या क्रमाने. माणूस गरियाबंदकडचा हँडपंप मेकॅनिक होता. त्याच्या मुलीचा नंबर नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशयादीत लागला होता. पण बाप नोकरीत सगळीकडे फिरल्यामुळे ती शिकली होती जबलपूरकडे. म्हणून कॉलेजच्या बाबूंनी सांगितलं होतं की बाप छत्तीसगडला वाटून आल्याचा दाखला आणा, नाहीतर मुलगी परराज्यातली धरली जाईल. आज प्रवेशाचा शेवटचा दिवस. पाच वाजता हॉल बंद. मुलगी सकाळपासून तिथे बाकावर बसलेली. आणि घरी त्याच्या मोठ्या भावाने तिचं लग्न ठरवून ठेवलं होतं; सीट मिळाली तर थांबू, नाही मिळाली तर लगेच उरकू, असा करार.

बडे बाबूंचा हात घड्याळाच्या पट्ट्यावर गेला. माझा हात सवयीने पुढे झाला. पण त्यांनी घड्याळ काढलं नाही, त्यात वाजले किती ते पाहिलं.

"बाई, वाटा कामं."

ते मला येतं. देवांगनने ट्रकच्या आधी नुकत्याच टपालाने आलेल्या भोपाळच्या वाटपयाद्यांच्या गठ्ठ्यातून त्या माणसाचं नाव शोधलं. मी दाखला टाईप केला, दोन प्रती. सही करणारे साहेब शहराच्या दुसऱ्या टोकाला बैठकीत होते. नव्या राज्यात एकेका साहेबाकडे चार-चार खाती होती. ठरलं असं की देवांगनने आपल्या लूनावर बापाला कॉलेजात न्यावं, तिथे नंबर धरून ठेवावा. बडे बाबूंनी स्कूटर काढावी, मी मागे बसावं, कारण शिक्का आणि स्टॅम्प पॅड माझ्या ताब्यात. वानखेडे भिंतीला टेकून उभा होता, पांढरा पडलेला.

"मी काय करू?"

"खिडकीवर बस," बडे बाबू म्हणाले. "येईल त्याले काम विचार."

मी स्कूटरवर बसले ती पर्स पोटाशी धरून. मोठ्या रस्त्यावर पोलिसांनी दोर लावला होता, कुणाचा तरी ताफा जायचा होता. राजधानी झाल्यापासून रोज कुणाचा तरी जायचाच. बडे बाबूंनी स्कूटर सरळ सदर बाजारात घातली. दुपारची वेळ, सराफांच्या दुकानांपुढे दुहेरी लागलेल्या मोटरसायकली, कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल, मध्ये बसलेली एक गाय. बडे बाबू हॉर्न वाजवत नव्हते, नुसते "चला चला चला" म्हणत होते. मला भीती वाटत होती आणि खरं सांगायचं तर मजाही येत होती. इतक्या वर्षांत सरकारी कागद एवढ्या वेगाने चाललेला मी पाहिला नव्हता.

एका सराफाच्या दुकानापुढे एक मोटरसायकल आडवी आली आणि दोन्ही हँडल एकमेकांत अडकले. आम्ही पडलो नाही, पण त्या पोराच्या गाडीचा आरसा फुटला. पोरगा विशीचा, तगडा. उतरला तो बडे बाबूंची कॉलर धरूनच.

"अंधा है क्या बुड्ढे? मैडम को घुमाने निकला है?"

शर्टाचं वरचं बटण तुटून माझ्या पायाशी पडलं. भोवती कडं जमलं. बडे बाबूंची मान लाल झालेली मला मागून दिसत होती. मग त्यांनी उजव्या हाताने घड्याळाचा पट्टा सोडवला. मी डोळे मिटले. भोपाळचा ड्रायव्हर आठवला. पाच वाजता बंद होणारा हॉल आठवला. मारामारी झाली की पोलीस, पोलीस आले की कोतवाली, आणि मुलीची सीट संपली.

"भैया," बडे बाबूंचा आवाज आला, रोज खिडकीवर असायचा तसाच. "आपका नाम?"

"नाम से क्या करेगा?"

"एक लड़की की सीट पाच बजे चली जाएगी. उसका कागज इन मैडम के पर्स में है. मेरे को अभी लड़ने का टाइम नहीं है." त्यांनी घड्याळ पोराच्या तळहातावर ठेवलं. "ये रखो. मैं सवा पाच को इधरच आता हूँ. फिर आप जितना बोलो उतना लड़ेंगे. नहीं आया तो घड़ी आपकी."

पोराने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याची बोटं कॉलरवरून सुटली.

"कौन सी सीट?"

"नर्सिंग," मी म्हटलं. "लग्न लावून देऊन राहिले तिचं." घाईत मी त्याच्याशी मराठीतच बोलले.

त्याला किती कळलं कोण जाणे. त्याने मोटरसायकल सरळ केली, किक मारली आणि म्हणाला, "पीछे-पीछे आओ." आणि मग तो पोरगा सदर बाजारातून हॉर्न दाबत पुढे, आम्ही त्याच्या मागे. माणसं शिव्या देत बाजूला होत होती, पण होत होती. बाजार संपला तिथे त्याने हात केला आणि वळून परत गेला, घड्याळासकट.

साहेबांनी बैठकीतून बाहेर येऊन सही केली आणि बडे बाबूंना सगळ्यांसमोर झापलं, तुटलेल्या बटणावरूनही. बडे बाबू "जी साहब" म्हणत सहीची शाई फुंकून वाळवत होते. शिक्का मी जिन्याच्या कठड्यावर मारला. कॉलेजच्या हॉलपाशी पोहोचलो तेव्हा शिपाई एक दार लावत होता. दुसऱ्या दारात देवांगन पाय रोवून उभा होता आणि शिपायाला त्याचं नाव, गाव विचारत होता.

सीट मिळाली. ती मुलगी, दोन वेण्या, हातात प्लास्टिकची फाईल, बाहेर आली आणि बापाकडे बघून नुसतं "हो गे" म्हणाली, म्हणजे झालं. मला वाटलं आता बाप आमचे पाय धरेल. मी मागे सरकले.

त्याने पाय धरले नाहीत. मुलीला त्याने थोडं लांब उभं केलं आणि बडे बाबूंसमोर आला. आता तो ओरडत नव्हता. छत्तीसगढीत बोलला, आम्हाला कळावं म्हणून सावकाश. म्हणाला, काम झालं, उपकार झाले. पण तुम्ही लोक हसत होता. मला शिवी दिली असती तर मी परत दिली असती. धक्का दिला असता तर मी दिला असता. हसणाऱ्या माणसाला काय देणार? "मैं रोवत रहेंव, अउ ओ नंबर देवत रिहिस." मी रडत होतो आणि तो मार्क देत होता.

बडे बाबूंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही आमची तालीम, रामलीलेतला रावण, वगैरे काही सांगितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात आडवा केला. तो थांबल्यावर म्हणाले, "वो लड़का आपके घर आकर मिलेगा. मैं लाऊँगा."

"हव," तो माणूस म्हणाला. "आने दो."

सव्वापाचला आम्ही सदर बाजारात होतो. पोरगा सराफाच्या पायरीवर बसला होता, घड्याळ स्वतःच्या मनगटावर. "मिली?" त्याने विचारलं. बडे बाबू म्हणाले, "मिली. अब बोलो, किधर लड़ना है?" पोराने घड्याळ काढून दिलं, आपला फुटलेला आरसा एकदा बोटाने हलवून पाहिला आणि म्हणाला, "आज मूड नहीं है, चाचा." आरशाचे पैसे त्याने घेतले नाहीत. चहा मात्र आम्हालाच पाजायला लावला.

कार्यालयात वानखेडे थांबला होता. खिडकी बंद झाली होती तरी ट्रंकेवरच बसून होता. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "पण मले राग नाही आला, बडे बाबू. तुम्हीच तर शिकवलं."

"राग नाही आला, खरं आहे," बडे बाबू म्हणाले. "पण तू खिडकीत होताच कुठं? तू तर पेपर सोडवून राहिला होता." मग म्हणाले : "अन् पेपर मीच काढला होता. म्हणून तुले एकट्याले नाही पाठवत. दोघं जाऊ."

त्या दिवसानंतर बाहेरून माणसं पाठवणं बंद झालं. तालीम चालू राहिली, पण बदलली. चिडवणाऱ्याने चिडवता चिडवता आपलं काम कुठेतरी एकदाच सांगायचं, आणि बसलेल्याने शेवटी ते जसंच्या तसं परत सांगायचं. हे फार अवघड निघालं. आम्हाला समोसे मिळेनासे झाले.

गरियाबंदला जायचं मात्र राहिलं. पहिल्या रविवारी वानखेडेला ताप आला. दुसऱ्या वेळी नदीला पाणी होतं. मग त्याची विभागीय परीक्षा, मग लग्न. शेवटी निवृत्तीआधी बडे बाबू एकटेच जाऊन आले. त्या माणसाने त्यांना जेवायला वाढलं, मुलीचा गणवेशातला फोटो दाखवला, आणि निघताना विचारलं, "अउ ओ बाबू?" म्हणजे, आणि तो बाबू? बडे बाबूंनी सांगितलं, येईल. आता ते यवतमाळला असतात आणि अधूनमधून मला फोन करतात. तब्येत वगैरे एका वाक्यात उरकतात. मग : "वानखेडेले घेऊन काहून नाही जाऊन राहिले, बाई? तो माणूस म्हातारा झाला."

वानखेडे आता अधिकारी आहे. नवा रायपूरच्या काचेच्या इमारतीत बसतो आणि नव्या भरतीच्या मुलांना लोकांशी शांतपणे कसं वागावं यावर व्याख्यानं देतो. चांगली देतो, मी ऐकली आहेत. परवा मी त्याच्या खोलीत गेले आणि सांगितलं की शनिवारी सकाळी गाडी ठरवली आहे, दुपारपर्यंत पोहोचू, ती मुलगीही तिथल्याच दवाखान्यात नर्स आहे आणि सुट्टीवर आहे, देवांगनही येतो आहे.

त्याने बराच वेळ पेपरवेट फिरवला. मिशी आता दाट आहे, त्यात पांढरे केस आहेत.

"दीदी, तिथं जाऊन मी बोलू काय?"

"काही बोलू नको," मी म्हटलं. "तो बोलेल ते ऐक."

"बघतो," तो म्हणाला.

आज गुरुवार. गाडीवाल्याला सांगून झालं. देवांगनला वेळ कळवून झाली. मुलीशी फोनवर बोलून झालं. वडील घरीच असतात, म्हणाली. वानखेडेचा फोन अजून आलेला नाही.